चाळिशी लागल्यावरचा चित्रपट : ‘धिस इज फॉर्टी’विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीतील सहा-सात जोडपी दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कोणाच्या तरी घरी जमतात आणि एक चित्रपट पाहतात. बहुतेकांनी पंचेचाळिशी ओलांडली आहे, दोघांच्या घरी दहावीची मुले आहेत, आणि एका घरी नुकतीच सून आली आहे. चित्रपट निवडण्याचे काम, म्हणजे नंतर बोलणी खाण्याचे कामही, माझ्याकडे आहे. या वेळी ‘धिस इज फॉर्टी’ ठरल्यापासून जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी आणि कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मला जे प्रश्न विचारले गेले, आणि चित्रपट पाहून झाल्यावर ज्या प्रश्नांवरून रात्री साडेअकरापर्यंत कोणी उठले नाही, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये कथेतील काही गोष्टी उघड होतात; मात्र या चित्रपटाची गोडी रहस्यावर अवलंबून नसल्यामुळे त्याने पाहणाऱ्याचे फारसे नुकसान होत नाही.

हा चित्रपट नेमका कशाविषयी आहे?

लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या पीट आणि डेबी या नवरा-बायकोचा चाळिसावा वाढदिवस एकाच आठवड्यात येतो, आणि त्या वाढदिवसांच्या मागेपुढे त्यांच्या घरात जे काही चालते ते म्हणजे हा चित्रपट. त्यांना सेडी आणि शार्लट अशा तेरा व आठ वर्षांच्या दोन मुली आहेत. पीटची लहानशी संगीत कंपनी तोट्यात आहे, डेबीच्या कपड्यांच्या दुकानातून १२,००० डॉलर नाहीसे झाले आहेत, घराचे हप्ते थकले आहेत, आणि दोघांचेही वडील, प्रत्येक जण आपापल्या परीने, त्यांच्या डोक्याला ताप आहेत. लेखन आणि दिग्दर्शन जड ॲपटाव यांचे असून चित्रपट अमेरिकेत २१ डिसेंबर २०१२ रोजी प्रदर्शित झाला. पीटची भूमिका पॉल रड यांनी आणि डेबीची लेस्ली मॅन यांनी केली आहे.

हा एखाद्या चित्रपटाचा दुसरा भाग आहे का? पहिला पाहावा लागेल का?

पीट आणि डेबी ही जोडी याच दिग्दर्शकाच्या २००७ मधील ‘नॉक्ड अप’ या चित्रपटात दुय्यम पात्रांच्या रूपाने येऊन गेली होती. तेथे मुख्य कथा दुसऱ्याच एका तरुण जोडप्याची होती, आणि ते जोडपे या चित्रपटात दिसतही नाही. त्यामुळे आधीचे काही पाहिले नसले तरी अडत नाही.

आम्ही पन्नाशीकडे झुकलो आहोत. चाळिशीच्या लोकांचा चित्रपट आम्ही कशासाठी पाहायचा?

मराठीत ‘चाळिशी’ या एकाच शब्दात वयही येते आणि चष्माही येतो. साधारण चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते, जवळचे अक्षर धूसर दिसू लागते, आणि माणूस वर्तमानपत्र हात लांब करून वाचू लागतो. लांबचे स्वच्छ दिसते, जवळचे दिसत नाही, ही अवस्था पीट आणि डेबी यांच्या संसाराला इतकी चपखल लागू पडते की इंग्रजी नावापेक्षा आपला शब्दच या चित्रपटाला अधिक शोभला असता. दोघांनाही एकमेकांच्या वडिलांचे दोष गंगापूर धरणाच्या पलीकडून दिसावेत इतके स्पष्ट दिसतात. मात्र स्वतःच्या नाकासमोर काय चालले आहे ते दिसत नाही. हा चष्मा पन्नाशीतही उतरत नाही, फक्त नंबर वाढतो.

पडद्यावरचे कुटुंब खरोखरच एक कुटुंब आहे, हे खरे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. लेस्ली मॅन या दिग्दर्शक ॲपटाव यांच्या पत्नी आहेत, आणि सेडी व शार्लट यांच्या भूमिका करणाऱ्या मॉड व आयरिस या त्यांच्या स्वतःच्या मुली आहेत. म्हणजे घरातील चौघांपैकी तिघी खऱ्या कुटुंबातल्या, आणि फक्त नवऱ्याच्या जागी पॉल रड यांना उभे केलेले. स्वतःचे दोष दुसऱ्या देखण्या माणसाच्या अंगावर घालून पाहण्याची ही युक्ती मला मोठी चतुर वाटते.

आमच्या मंडळींपैकी काहींना हे जरा अवघडल्यासारखे वाटले. बायका-मुलींना अशा भांडणांच्या चित्रपटात घ्यावे का, असा त्यांचा प्रश्न होता. घरच्यांना कॅमेऱ्यासमोर उभे करण्याची रीत मात्र नाशिककरांना नवी वाटू नये. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते, आणि त्यातील रोहिदासाची भूमिका त्यांच्या मुलाने, भालचंद्रने, केली होती. त्याच वर्षी त्यांनी आपला व्याप नाशिकला हलवला, आणि पुढे १९१९ मधील ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी तर दागिने गहाण टाकू दिले, चित्रपटाच्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला आणि फिल्म धुण्याचे कामही शिकून घेतले. चाळिशी उलटलेल्या नवऱ्याला अचानक काहीतरी नवेच करायचे सुचते आणि त्याचा हिशेब घरच्या डब्यांपर्यंत पोहोचतो, हे चित्र पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात फिरताना माझ्या मनात नेहमी येते. पीटची संगीत कंपनी पाहताना ते पुन्हा आले. फरक इतकाच की सरस्वतीबाईंना सगळा हिशेब माहीत होता, आणि डेबीला तो सांगितलेलाच नाही.

चित्रपट इतका लांब का आहे? कथा कुठे आहे?

लांबी सुमारे १३४ मिनिटे आहे, आणि विनोदी चित्रपटाच्या मानाने ती जास्तच आहे, हे मान्य करायला हवे. मधल्या अर्ध्या तासात दोन प्रसंग तरी असे आहेत की ज्यांवाचून काही बिघडले नसते. आमच्याकडे त्याच वेळी दोघे जण ‘जरा पाणी पिऊन येतो’ म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात चिवड्याच्या डब्याशी सापडले.

तरीही कथा सापडत नाही या तक्रारीशी मी पूर्णपणे सहमत नाही. या चित्रपटाला एकच एक संकट नाही, कारण या वयातील घराला एकच एक संकट नसते. शाळेतून फोन येतो, तो निस्तरेपर्यंत दुकानातील पैशांचा घोळ वर येतो, त्यात वडील दारात उभे राहतात, आणि यांपैकी एकही गोष्ट पूर्णपणे सुटत नाही. दुसरी पुढे आली म्हणून पहिली मागे पडते एवढेच.

वडिलांना पैसे दिले, यात लपवण्यासारखे काय आहे?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत मोठ्या आवाजात विचारला गेला. प्रसंग असा आहे : पीटचे वडील लॅरी यांनी उतारवयात दुसरे लग्न केले आहे, त्यांना तिळी मुले झाली आहेत, आणि पीट त्यांना गुपचूप पैसे देत आला आहे. ही रक्कम दोन वर्षांत ८०,००० डॉलरवर गेली आहे, आणि इकडे स्वतःच्या घराचे हप्ते थकले आहेत. अल्बर्ट ब्रुक्स यांनी हा लॅरी असा काही रंगवला आहे की तो पैसे मागतानाही आपल्यावर उपकार करतो आहे असे वाटते. लाज वाटू न देता मागायचे, आणि न दिल्यास समोरच्याला लाज वाटायला लावायची, ही त्याची हातोटी ज्यांच्या नात्यात असा एखादा काका किंवा मामा आहे त्यांना लगेच ओळखू येते.

आपल्याकडे आई-वडिलांचा खर्च मुलाने उचलणे हे कर्तव्य समजले जाते, त्यामुळे ‘बापाला दिले तर चुकले कुठे’ हा पहिला उद्गार स्वाभाविक होता. परंतु चर्चा पुढे सरकली तसे लक्षात आले की लपवाछपवी आपल्याकडेही तितकीच आहे, फक्त तिची वाट वेगळी आहे. आई-वडील घरातच राहतात, त्यांचा खर्च किराण्याच्या यादीत मिसळून जातो, तो कोणी लपवत नाही. लपवला जातो तो गावाकडे भावाच्या द्राक्षबागेला गोडी छाटणीच्या वेळी औषधांसाठी दिलेला पैसा, जो अवकाळी पावसात बाग गेल्यावर परत मागताही येत नाही. लपवली जाते ती बहिणीच्या मुलाच्या प्रवेशासाठी केलेली मदत, आणि बायकोच्या बाजूने पाहिले तर भिशीतून उचलून माहेरी पोहोचवलेली रक्कम. आमच्यातील एका वहिनींनी शांतपणे सांगितले की, ‘यांनी भावाला दिले ते मला सात वर्षांपूर्वीच कळले होते, मी फक्त हे कधी सांगतात त्याची वाट पाहते आहे.’ त्यांचे यजमान त्या वेळी शेजारीच बसले होते. त्या रात्री चित्रपटातील कोणत्याही विनोदाला मिळाले नसेल इतके हसू या वाक्याला मिळाले, आणि त्यानंतर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही.

म्हणून माझे मत असे की पीटचे चुकते ते वडिलांना पैसे देण्यात नव्हे, देताना बायकोला परके समजण्यात. चित्रपटही हेच म्हणतो, परंतु भाषण न करता, लॅरी आणि डेबी यांना एकमेकांसमोर आणून म्हणतो. सासरा आणि सून यांच्यातील तो सरळ संवाद मला अख्ख्या चित्रपटात सर्वांत जवळचा वाटला.

डेबी आपले वय का लपवते?

ती चाळीस पूर्ण होत असताना अडतीस सांगते. याला फार खोल अर्थ शोधण्याची गरज नाही. मात्र ही लबाडी एकटी नाही, हे लक्षात ठेवून पाहावे : डेबी चोरून सिगारेट ओढते, पीट चोरून कपकेक खातो, आणि दोघेही एकमेकांना आरोग्याचे धडे देतात. वजन कमी करण्याचा संकल्प सोडून कॉलेज रोडला रविवारी तर्री घालून मिसळ खाणाऱ्या आणि घरी येऊन ‘फक्त चहा घेतला’ असे सांगणाऱ्या माणसाला हे परदेशी वाटण्याचे कारण नाही.

पीट सारखा बाथरूममध्ये का जाऊन बसतो?

हातात टॅबलेट संगणक घेऊन एकटे बसता यावे म्हणून. एवढे मोठे घर असूनही त्याला दार आतून लावता येईल अशी ती एकच जागा सापडते, ही त्यातील गंमत आहे. आपल्याकडील दोन बेडरूमच्या सदनिकेत, जेथे आई-वडील, मुले आणि दहावीचा अभ्यास एकत्र नांदतात, तेथे ही सोयही नसते. कोणीतरी बाहेरून दार वाजवतेच. येथील पुरुष त्यासाठी दूध आणायला जातात आणि पाऊण तासाने येतात. आमच्यातील एक जण पंचवटी एक्स्प्रेसने पास काढून वर्षानुवर्षे मुंबईला जाऊन-येऊन नोकरी करत होते. निवृत्तीनंतर त्यांनी कबूल केले की त्यांना नोकरीची नव्हे, डब्यातील त्या तासांची आठवण येते. बायकांच्या एकांताचे काय, हा प्रश्न त्यांच्या पत्नीने लगेच विचारला, आणि त्याचे उत्तर ना चित्रपटाकडे होते, ना आमच्याकडे.

सतत आरडाओरडा चालू असतो. मग याला विनोदी का म्हणायचे?

भांडणे खरी वाटतात म्हणून. दोघे भांडतात ते एका विषयावर, आणि राग असतो तो दुसऱ्याच कशाचा, हे लेखकाने नीट टिपले आहे. प्रेक्षकाला दोन्ही विषय माहीत असतात, भांडणाऱ्यांना एकच माहीत असतो, आणि हसू त्या फटीतून येते.

शाळेतील प्रसंग याचा उत्तम नमुना आहे. एका मुलाने फेसबुकवर सेडीला उद्देशून काही लिहिले म्हणून डेबी त्या मुलाला शाळेत गाठून अद्वातद्वा बोलते, नंतर त्याच्या आईशीही भांडण होते, आणि प्रकरण मुख्याध्यापकांसमोर जाते. तेथे पीट आणि डेबी साळसूद चेहऱ्याने सगळे नाकारतात. मुलाची आई खरे तेच सांगत असते, परंतु संतापाच्या भरात तिच्या तोंडून असे काही शब्द बाहेर पडतात की तीच दोषी ठरते. मेलिसा मॅकार्थी यांनी ही आई साकारली आहे. एरवी एकमेकांचे ऐकूनही न घेणारे हे नवरा-बायको सर्वांत एकजीव वाटतात ते जोडीने खोटे बोलताना, ही गोष्ट मला पुष्कळ दिवस पुरली. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या विषयावर आपण काही जोडपी अशीच एकदिलाने बोलताना पाहिली आहेत.

चित्रपट नवऱ्याच्या बाजूचा आहे की बायकोच्या?

राग डेबीच्या वाट्याला जास्त आला आहे आणि माफी पीटच्या. चित्रपट पुरुषाने लिहिला आहे, हे तेथे दिसून येते. लेस्ली मॅन यांच्या अभिनयामुळे हा तोल बराच सावरतो, विशेषतः जॉन लिथगो यांनी साकारलेल्या तिच्या अलिप्त, शल्यविशारद वडिलांसमोर ती लहान मुलीसारखी होते तेव्हा. बाप पैसे मागतो हे वाईट, की बाप काहीच मागत नाही आणि विचारतही नाही हे वाईट, असा पेच या दोन सासऱ्यांमुळे उभा राहतो.

हे लोक तर श्रीमंत आहेत. त्यांच्या अडचणींचे आपल्याला काय?

ही तक्रार रास्त आहे. मोठे घर, दोन व्यवसाय आणि सुट्टीला समुद्रकिनारी हॉटेल असताना पैशांच्या चणचणीचे रडगाणे काही ठिकाणी खोटे वाटते. आमच्या नाशिकरोडला देशाच्या नोटा छापल्या जातात, तरी महिनाअखेरीस आम्हाला त्याचा काही उपयोग होत नाही, असे एक काका म्हणाले ते याच संदर्भात. खर्च कमी करायचा म्हणजे नेमके काय करायचे हे या जोडप्याला ठाऊकच नाही, आणि दिग्दर्शकालाही ते ठाऊक असेल असे चित्रपटावरून वाटत नाही.

हा ग्रॅहम पार्कर कोण?

तो खराखुरा ब्रिटिश गायक आहे आणि चित्रपटात स्वतःच्याच नावाने आला आहे. पीट त्याच्या जुन्या वाद्यवृंदाला पुन्हा एकत्र आणून अल्बम काढतो, आणि तो खपत नाही. आपल्या तरुणपणी आवडलेले गाणे जगालाही आवडलेच पाहिजे असा पीटचा हट्ट आहे, आणि घरातील मुली त्या वेळी कानाला हात लावून वेगळेच काही ऐकत असतात. स्वतःच्या अपयशाची थट्टा सहन करणाऱ्या पार्कर यांचे मला कौतुक वाटले.

मुलांबरोबर किंवा सासू-सासऱ्यांबरोबर पाहता येईल का?

नाही. अमेरिकेत या चित्रपटाला ‘आर’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांनी तो पालकांशिवाय पाहू नये. शिव्या भरपूर आहेत, शयनगृहातील गोष्टी उघडपणे बोलल्या जातात, आणि सुरुवातच अशा प्रसंगाने होते की ज्येष्ठ मंडळी समोर असल्यास रिमोट शोधताना धांदल उडेल. सहलीच्या प्रसंगात नवरा-बायको गांजा घातलेले बिस्कीटही खातात. आम्ही मुलांना त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरील घरी पाठवले होते. तेथे त्यांनी काय पाहिले हे आम्ही विचारले नाही.

आपल्याकडे असा विनोद का होत नाही?

होतो, परंतु पूर्वी तो रंगभूमीवर अधिक झाला. नाशिकच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांनी ‘लेकुरे उदंड जाहली’मध्ये मूल नसलेल्या जोडप्याचे दुःख हसतखेळत आणि गाणी घालून मांडले, आणि ते पाहताना घरोघरची मंडळी मोकळेपणाने हसली. कालिदास कलामंदिरात आजही घरगुती विषयावरील नाटकाला बायको नवऱ्याला कोपराने ढोसते तो आवाज मागच्या रांगेपर्यंत येतो. आपल्या नाटकांत संसाराचा घोळ तिसऱ्या अंकात बहुधा सुटतो, माणसे एकमेकांची क्षमा मागतात आणि पडदा पडतो. या चित्रपटात घोळ सुटत नाही, वाढदिवसाच्या मेजवानीत सगळे एकदम फुटते, पीट सायकलवरून निघून जातो आणि अपघात करून घेतो, आणि रुग्णालयातून परत येतो तो त्याच थकलेल्या हप्त्यांकडे. शेवट अर्धवट वाटला असे म्हणणारे आमच्यात चार जण होते, आणि तो तसाच हवा होता असे म्हणणारे तीन. मी तिघांमध्ये आहे.

चित्रपट चालला का?

ठीक चालला. सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे ८ कोटी ८० लाख डॉलर मिळवले.

नावे सुरू झाल्यावर उठले तर चालेल का?

उठू नये. शेवटच्या नामावलीबरोबर मुख्याध्यापकांच्या खोलीतील प्रसंगाचे, चित्रपटात न घेतलेले चित्रीकरण दाखवले आहे. त्यात मेलिसा मॅकार्थी मनाला येईल ते बोलत सुटतात, आणि समोर बसलेल्या पॉल रड व लेस्ली मॅन यांना हसू आवरत नाही. आमच्याकडे याच वेळी यजमानीणबाई चहा ठेवायला उठल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी तो भाग दोनदा मागे घेऊन लावावा लागला. चहा मात्र तोपर्यंत उतू गेला.